मांजरपाटाची कुंची

मला तिनं फसवलं, आणि तेही माझ्याच मालानं. लोणावळ्याच्या बाजारात माझ्याशी घासाघीस करून जिंकलेलं दुसरं माणूस मला दाखवा.

माझ्या कापडदुकानामागच्या आळीत ती राहायची. नवरा रेल्वेत गँगमन, मूलबाळ नाही. घ्यायची साधा मांजरपाट, तोही सगळ्यांत स्वस्तातला. कापड काखेत मारलं तरी उठायची नाही. तळहात पुढे करायची. "भाऊ, वर काय?"

"वर आभाळ!" मी ओरडायचो.

"त्ये फुकट हाय. तुमी तुमचं द्या."

मग गोटा-किनारीचं उरलेलं टोक, सांडलेले मणी-टिकल्या, जोडी हरवलेलं शिंपल्याचं बटण, असलं काहीतरी हातावर टेकवून मी तिला घालवायचो. शून्यातून दुकान उभं केलेला माणूस मी. केरात जाणारी वस्तू देऊन गिऱ्हाईक राखलं, याचाच मला आनंद.

त्या केराचं ती काय करायची, हे पाहिलं असतंत तर तुमचाही जळफळाट झाला असता. पांढऱ्या पोलक्याच्या बाहीवर मणी ओवून ती पोपट बसवायची. माझी मुलगी आईवेगळी. त्या बाईला मावशी म्हणत दुपारभर तिच्या उंबऱ्यावर बसायची आणि परतताना अंगावर काहीतरी नवं असायचं. दुकानात बायका माझे ताके बाजूला सारून पोरीकडे बोट दाखवायच्या, "असलं काढा." कुठून काढू? पुण्याहून यंत्राची लेस आणली, ती पहिल्याच धुण्यात आक्रसली.

पुढे मुलगी तळेगावला दिली. पहिलं बाळंतपण माझ्याकडे. बारशाला बाळाची कुंची आजोळची, म्हणजे तो मान माझा. महायुद्धामुळे धड कापड मिळत नव्हतं. तरी मुंबईला जाऊन, दलालाशी भांडून मखमल आणली आणि जरीचा काठ लावून कुंची शिवून घेतली.

ती अंगावर चढताच बाळानं घर डोक्यावर घेतलं. जरीचा काठ टोचत होता. तेवढ्यात या बाईनं पदराखालून मांजरपाटाची कुंची काढली. कडेला गोटा, पाठीवर टिकल्यांचा मोर, आत जुन्या धोतराचं मऊ अस्तर. बाळ गप्प.

"व्याही, ही कुठली हो?" विहीणबाईंनी विचारलं.

माझ्याआधी तीच बोलली. "कुटली म्हंजे? समदा माल भाऊंच्या दुकानचा. म्या निस्तं टाकं घातलं."

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. माझ्याच घरात मला मान मिळाला, तोही तिनं दिलेला! धड भांडताही येईना. ती निघाली तेव्हा मागच्या दारी गाठून म्हणालो, "उद्यापासून वर काही मिळायचं नाही."

"ऱ्हाऊ द्या," ती हसली. "नातू झाला आपल्याला. आता आनि काय पायजे?"

"आपल्याला? मला झाला!"

"व्हय की," म्हणाली आणि पायरी उतरून गेली.

गेल्या थंडीत ती तापानं गेली. आळीतल्या सगळ्या बायका रडल्या. मी दुकान बंद ठेवलं, आणि त्याचाही मला राग आला.

आता मुलीला पुन्हा दिवस गेलेत. मी म्हणालो, "या खेपेला मखमलीला मऊ अस्तर लावून घेतो."

"अण्णा, कुंची आणू नका," ती म्हणाली. "मावशीची आहे ना जपून ठेवलेली."

मावशीच्या दारात जाऊन भांडायची सोय उरलेली नाही. तेव्हा मुलीनंच माझ्यासमोर बसावं आणि सांगावं, तिच्या लेकरांचं आजोळ कोणतं, माझं घर की त्या बाईचा उंबरा? गप्प बसून चालणार नाही. मला उत्तर पाहिजे.