लाल पाटी आणि आण्णांचं ताट

माझी सून स्वप्नाली आष्ट्यात पिको-फॉलचं दुकान चालवते. तोंडानं लय गरीब. गिऱ्हाईक गप्पा मारत ठाण मांडून बसलं तरी 'उठा' म्हणायची न्हाई. आणि भाषणाच्या क्लबानं वेळ राखायला नेमली कुणाला, तर हिला! हिरवी पाटी म्हणजे बोला, पिवळी म्हणजे आवरा, लाल म्हणजे बसा. आमच्याकडं माईक हातात घेतलेला माणूस पाटी बघून बसतो व्हय? निम्मा वेळ तर स्टेजवरच्यांची नावं घेण्यातच जातो.

त्या रविवारी सभेनंतर जेवण होतं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यात माझी थोरली जाऊ राजमतीआक्का एकाशनाला, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. सभेत जेवण आहे म्हणून दुपारी जेवली नव्हती. दिवस बुडाला की सकाळपर्यंत उपाशीच.

शेवटचं भाषण आक्काच्या मालकांचं, रामगोंडाआण्णांचं. स्वप्नालीनं पिवळी दाखवली. आण्णा म्हणाले, "आता मुद्द्यावर येतो." लाल दाखवली, तर सून शाबासकी देतीय असं समजून मान डोलावली.

"अगं, जरा वर धर की," मी म्हटलं.

"थोरल्या सासऱ्यांच्या तोंडापुढं किती नाचवू, आत्या?"

"मग ठेव आक्काला उपाशी!"

खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकत चाललं. आण्णा अजून साखर कारखान्याच्या पहिल्या गळितातच अडकलेले.

आक्का वैतागली. "लग्न झाल्यापासनं ह्येच बघतीया. ताटावर बसल्याबिगर ह्यांचं तोंड मिटत न्हाई." ते खरंच होतं. जेवताना मौन, हा आण्णांचा नेम.

स्वप्नालीनं आक्काकडं बघितलं, पाटी खाली ठेवली आणि तडक उठली. ताट वाढून आणलं आणि आण्णांच्या पुढ्यात, टेबलावर ठेवलं.

"आण्णा, बसा. दिवस चाललाय. आक्का एकाशनाला हायत."

आण्णांनी खिडकीकडं बघितलं, मग आक्काकडं. "आगं, मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"मगाधरनं लाल पाटी धरून काय करत हुते मी?"

आण्णा मुकाट बसले. हात जोडले आणि गप झाले. भराभर पंगत बसली, ताटं वाढली.

आक्कानं पहिला घास घेतला, तोच अध्यक्ष मानसिंगराव "आभाराचे दोन शब्द" म्हणत उठले. त्यांनी पुढं बोलायच्या आत स्वप्नालीनं लाल पाटी अशी वर केली की माणूस खुर्चीतच बसला.

आणि आण्णा? घास चावत, लय जोरात मान डोलवत होते.