शेजाऱ्यांचा रकाना

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत हणमंतरावांची अभ्यासिका होती. डॉक्टर व्हायच्या घाईतली पोरं तिथं चिडीचूप बसलेली असत. "पानं हळू उलटा, बापहो," एवढंच ते बोलायचे.

त्र्याण्णवपर्यंत ते आपल्या खेड्यातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. एकटा जीव. भूकंप झाला त्या पहाटे पुस्तकं आणायला म्हणून लातुरात मुक्कामी होते, म्हणून वाचले. परतले तर गल्लीतलं एकही घर उभं नव्हतं, आणि त्यांचं सोडून प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गेलं होतं. ढिगाऱ्यात वाचनालयाची कोरी कार्डं सापडली. त्यांवर त्यांनी गेलेल्यांची नावं लिहिली. शहाऐंशी.

मी मुदखेडचा. विद्यापीठात माहितीशास्त्राचा नवा कोर्स निघाला होता. ग्रंथालयवाले, कम्प्युटरवाले, समाजशास्त्रवाले एकाच वर्गात. म्हणजे कुणालाच काही धड येत नव्हतं. प्रकल्पासाठी मी आणि कम्प्युटरवाली मनतशा ती कार्डं संगणकात भरायला गेलो. हणमंतरावांनी बुटाचा खोका पुढं ठेवला आणि चहा सांगायला गेले.

ते येईस्तोवर आम्ही शिकलेली सगळी अक्कल वापरली. कार्डं आडनावाप्रमाणं अकारविल्हे लावून टाकली. शाबासकीची वाट बघत बसलो.

ते आले, कार्डं चाळली आणि खाली बसले.

"घराशेजारी घर लावलेलं होतं," ते म्हणाले. "परत इस्कटलं बघा गाव."

"काका, कार्डावर नंबर नव्हते ना," मनतशा पुटपुटली.

"शेजाऱ्याला नंबर कशाला लागतोय, बेटी?"

रविवारी अभ्यासिका बंद. त्यांनी फरशीवर एकेक कार्ड मांडायला घेतलं. "ही कोंडाबाई. हिच्या कोंबड्या व्यंकटच्या अंगणात, म्हणून व्यंकट हितं. लई भांडायचे. त्यामुळं ध्यानात हाय." मनतशानं संगणकात नाव आणि मृत्यूची तारीख यांच्यापुढं नवा रकाना पाडला: शेजारी. दुपारपर्यंत गल्ली भरत आली.

कस्तुराबाई आणि वीरण्णा यांच्यामध्ये मात्र त्यांनी एका कार्डाएवढी फरशी मोकळी सोडली. कार्ड हरवलं म्हणून मी टेबलाखाली वाकून पाहिलं. आमच्या हुशारीपायी एक घर कायमचं गेलं.

"इथं कोण होतं, काका?"

"मी."

मनतशाची बोटं थांबली. "काय लिहू?"

त्यांनी त्या मोकळ्या जागेवर पंजा टेकवला.

"नाव लिव्ह. तारीख मोकळी सोड."

"आणि शेजारी?"

"दोघं बी लिव्ह."

तिनं लिहिलं: कस्तुराबाई, वीरण्णा.