तुटल्या सुईचं टोक

चन्नम्मा बेंगळूरला, म्हैसूर रस्त्यावरच्या कारखान्यात लहान पोरांच्या शर्टांना कॉलरी शिवायची. अठरा वर्षं तेच काम. हात आपोआप चालायचे, पण गुडघे गेले होते बाई तिचे. स्टूल होतं म्हणून दिवस निघायचा.

ते पुट्टराजूला बरोबर ठाऊक. पुट्टराजू म्हणजे तिच्या रांगेचा सुपरवायझर, तिच्या लेकाच्या वयाचा. कॉलर जरा वाकडी दिसली की शर्ट तिच्या तोंडावर फेकायचा. "म्हातारे, शेणी थापतेस का कॉलर शिवतेस? उद्यापासून धागे कापायला उभी करतो बघ." दिवसभर उभं राहायचं म्हणजे चन्नम्माची नोकरीच गेली. म्हणून ती गुमान शर्ट उचलायची, उसवायची, पुन्हा शिवायची. रडायलासुद्धा त्राण नव्हतं.

एकदा दुपारचं चित्रान्न खाऊन बसली नि सुई तुटली. शर्ट अडकला. पुट्टराजू आला, शर्ट ओढून काढला आणि फेकला तोंडावर. तो तिच्या गालाला लागून पलीकडं पडला.

आता तिथला नियम असा, की तुटल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून दाखवल्याशिवाय नवी सुई मिळायची नाही. बाकीचे तुकडे मिळाले, टोक काही सापडेना.

"माझ्याकडं जुनं टोक आहे, तेच दाखव," पुट्टराजू म्हणाला. "टार्गेट काय तुझा बाप भरणारे?"

"नको सर. खरं टोक शर्टात राहिलं तर लेकराच्या गळ्याशी येतं ते."

"मग शोध. बस गुडघ्यावर."

बसली बिचारी. शेजारच्या मशीनवरची मुबीना लोहचुंबक घेऊन खाली उतरली. "सरक अक्का, मी बघते." सगळी रांग थांबली, तसे तपासणीचे साहेब आले. तेवढ्यात मुबीनानं आपल्या स्टुलाखालचा तो शर्ट उचलला. टोक कॉलरीतच रुतलेलं.

"हा शर्ट इथं कसा आला?" साहेबांनी विचारलं.

"उडाला असेल, साहेब," मुबीना म्हणाली. "आमच्या रांगेत शर्टांना पंख फुटतात."

दोघीतिघी पदरात हसल्या. साहेब चन्नम्माकडं बघत राहिले. बोलावं तर स्टूल जाईल, न बोलावं तर उद्या पुन्हा तोंडावर शर्ट. विचार करूनसुद्धा दमली होती ती.

"सरांनी फेकला," ती म्हणाली. "रोजच फेकतात. आज त्यात सुई होती."

साहेबांनी तिच्या गालाकडं बोट केलं. हात लावून बघते तर बारीक ओरखडा, बोटाला रक्त. तिला कळलंच नव्हतं. साहेब पुट्टराजूला घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिनं आधी स्टूल बघितलं. होतं जागेवर. पुट्टराजू शर्टांचा गठ्ठा घेऊन आला, टेबलावर हातानं ठेवला. "आवर लवकर, म्हातारे." तोंड तेच.

"जिंकलीस की, अक्का," मुबीना कुजबुजली.

"कसलं जिंकणं गं. कॉलरी किती राहिल्यात बघ."

दोन्ही गुडघे चोळले, नि बसली सुईत दोरा ओवत.