परत आलेल्यांच्या हकिकती

भोकरदनात मला सगळे ‘मेजर’ म्हणतात. नौदलात मेजर नसतो, हे मी सुरुवातीला समजावून सांगायचो, मग नाद सोडला. पेठेच्या लेखी वर्दी म्हणजे फौज आणि फौजेतून घरी आलेला माणूस म्हणजे मेजर. जहाजावर माझं काम संदेश पाठवण्या-घेण्याचं होतं. सुट्टी मिळाली की मी बंदरांवरच्या म्हाताऱ्या खलाशांना गाठून जुन्या गलबतांच्या हकिकती विचारायचो, आणि निवृत्तीनंतर त्याच लिहायला बसलो. ज्या गावातून समुद्र गाठायला अख्खा दिवस मोडतो, तिथं शिडाच्या जहाजांचा इतिहास लिहिणं म्हणजे एस.टी. स्टँडवर गलबताची वाट बघणं, असं माझी बायको म्हणते. तिचं काही खोटं नाही.

माझा पक्का वाचक एकच होता, पेठेतले कापड दुकानदार. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात तिकडचे सणवार, तोंडात इकडची बोली. त्यांचा एकुलता एक मुलगा दुकानाची गादी सोडून नौदलात गेला तेव्हा पेठ हसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि एका वादळी पहाटे त्याला डेकवरून लाटेनं ओढून नेलं. जहाज माघारी वळलं, हेलिकॉप्टर आलं, खूप शोधलं. मुलगा सापडला नाही.

त्याच दिवाळीला जिल्ह्यातल्या एका अंकात माझा लेख आला. पाठवला होता कधीचाच, उन्हाळ्यात. फुटलेल्या जहाजावरचा एक खलाशी फळीला धरून परक्या बेटावर लागतो, आणि घरच्यांनी त्याचं तेरावं उरकल्यावर कितीतरी वर्षांनी दारात येऊन उभा राहतो, अशी ती हकिकत. मला बंदरावर ऐकायला मिळालेली, आणि मी ती मोठ्या हौसेनं रंगवलेली.

दुकानदारांनी तो अंक गादीखाली जपून ठेवला. भटजींनी सांगितलं होतं की देह नसला तर गवताचा पुतळा करून, त्याला कापड गुंडाळून अग्नी द्यावा. त्यांनी भटजींना परत पाठवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं काठावरच्या माणसानं काडी धरली होती, आणि ती माझ्या हातची होती. मी त्यांना समजावायला गेलो तेव्हा त्यांनी मला शांतपणे ऐकवलं.

“मेजर, बुडालेला मानूस तिसऱ्या दिवशी वर येतो. हिरीत बी येतो, तळ्यात बी येतो. माझा आला का? न्हाई आला. मंग बुडाला कसा म्हनता?”

आमच्याकडं पाण्याचा अनुभव विहिरीचा. विहीर आज ना उद्या माणूस परत देते, हे इथं लहान पोरालाही माहीत असतं. त्यांचा मुलगाही कमरेला डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकलेला होता.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका दुपारी त्यांची सून माझ्या घरी आली. तिला मी फक्त लग्नात पाहिलं होतं. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. करवा चौथ नुकतीच झाली होती. नवऱ्याच्या आयुष्यासाठी सासूनं तिला याही वर्षी उपास धरायला लावला होता आणि चाळणीतून चंद्र दाखवून स्वतःच्या हातानं पाणी पाजलं होतं.

“काका, त्या घरात रडायची बी चोरी हाये,” ती म्हणाली. “डोळ्याला पदर लावला की बाबूजी म्हंतात, जित्या मानसासाठी रडू नये. ती गोष्ट तुमीच त्यांना दिली. आता तुमीच ती परत घ्या.”

मला आधी तिचा रागच आला. लिहिलेलं काय परत घेता येतं? ती गेल्यावर मग माझाच मला आला. इतकी वर्षं मी ज्याला इतिहास म्हणत होतो तो सगळा परत आलेल्यांनी सांगितलेला होता. जे बुडाले ते काय सांगणार? त्यांची संख्या जास्त, पण त्यांच्यावर मी एक ओळ लिहिली नव्हती, कारण ते वाचायला कुणाला आवडेल?

ते लिहायला आठवडा गेला. नुसती माहितीच लिहायची होती, पण हात चालेना. लिहून झालं तेव्हा दुपारी, गिऱ्हाईक नसताना दुकानात जाऊन मी ते त्यांना वाचून दाखवलं. समुद्र विहीर नव्हे. जमिनीपासून लांब त्याला तळ आहे, पण तो मैलभर, कुठं कुठं दोन मैल खाली आहे. तिथं पाणी गार असतं, आणि वरून इतकं वजन असतं की देह फुगत नाही. जो तिथवर गेला तो तिसऱ्या दिवशी येत नाही, कधीच येत नाही.

त्यांनी मला मध्ये एकदाच थांबवलं. “उजेड बिलकुल नसतो?”

मी नाही म्हणालो, आणि पुढं वाचायची हिंमत झाली नाही. पुढं वाचायची गरजही नव्हती.

ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि मागच्या फळीवरून कोऱ्या पांढऱ्या कापडाचा तागा काढला. मयताच्या कापडाला त्यांच्या दुकानात कात्री लावत नाहीत, हातानं फाडतात. तागा गादीवर उलगडून त्यांनी टोक दातात धरलं, चीर पाडली, आणि तिथंच थांबले. आतल्या दाराकडं तोंड करून सुनेला हाक मारली. ती उंबऱ्याशी आली, कापड पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“बेटा,” ते म्हणाले, “केवढा होता गं त्यो? मला सुचंना झालंय.”

तिनं उंची दाखवायला हात वर केला, स्वतःच्या डोक्याच्या वीतभर वर, आणि तो हात खाली यायच्या आतच ती रडायला लागली.