अकरा ओळी

कळव्यात लोकरीचे स्वेटर विणणारी बाई राहते असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. हसणारच. खाडीकाठची दमट हवा, पंखा बंद पडला की पाठीवरून घामाचे ओघळ, आणि डिसेंबरात चार पहाटा जरा गार गेल्या की आम्ही त्यालाच थंडी म्हणतो. अशा ठिकाणी सगुणाबाई पाटील गेली सेहेचाळीस वर्षं सुया चालवताहेत. घरातल्यांनीही आधी हसून घेतलं, मग कंटाळून हसणं सोडलं. आता त्या घरात जन्मणाऱ्या प्रत्येक पोराचं टोपडं त्यांच्याच हातचं असतं.

गरज म्हणून विणतात म्हणावं तर तसंही नाही. सासऱ्यांची भातशेती होती तिथे आज चार मजली इमारत उभी आहे आणि तिच्यावर पाटलांचंच नाव आहे. तळमजल्यावरच्या खोलीत, खिडकीशी, सगुणाबाई पाय दुमडून बसतात. "आई, आता आराम करा," असं सांगून सांगून सुना दमल्या. आराम म्हणजे नक्की काय करायचं असतं हे सगुणाबाईंना अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

त्यांचं माहेर मिठागरावरचं. नऊ वर्षांच्या असल्यापासून डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. वीस पाट्या झाल्या की एक खडा बाजूला, अशी तिथली मोजणी. शाळा दुसरीतच सुटली, पण मोजणी हाडात बसली ती बसलीच. आजही विणताना वीस ओळी झाल्या की त्या वाटीत एक चिंचोका टाकतात. विणकामाच्या पुस्तकातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही, आणि गेल्या कित्येक वर्षांत एक टाका कमी-जास्त झालेला कुणी दाखवलेला नाही.

विणणं शिकल्या त्या बाळंतपणाच्या खाटेवर. रात्रपाळीची नर्स फावल्या वेळात मोजे विणायची. सगुणाबाईंनी दोन दिवस नुसतं पाहिलं, तिसऱ्या दिवशी सुलट-उलट दोन्ही टाके मागून घेतले. घरी आल्यावर सुया कुठल्या आणायच्या? त्यांनी नवऱ्याच्या छत्रीच्या दोन काड्या काढल्या आणि पाट्यावर घासून गुळगुळीत केल्या. परशुराम पाटील तो अख्खा पावसाळा एका खांद्याने भिजत कामावर गेले, पण बायकोला काही बोलले नाहीत. असा नवरा मिळायलाही नशीब लागतं.

पुढे आयुष्याने काय कमी वळणं दाखवली? जमिनीवरून भाऊबंदकी झाली, ठाण्याच्या कोर्टात नऊ वर्षं तारखा पडल्या. सगुणाबाई बाकावर बसून विणत राहिल्या. तिथे विणलेल्या निळ्या स्वेटरला घरात अजून 'कोर्टाचा स्वेटर' म्हणतात. परशुरामांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आठवड्याला तीन दिवस, चार-चार तास, शेजारच्या खुर्चीवर बसून सगुणाबाईंनी एक शाल विणली. ते गेल्यावर एकदा धाकट्या सुनेला, हेमाला, त्यांनी ती शाल उलगडून दाखवली. "ह्यो पट्टा बघ. किती घट्ट झालाय. त्या दिवशी त्यांचा बीपी एकदम परलेला." हेमाने बोट फिरवून पाहिलं. खरंच, तेवढी चार बोटं जागा कडक होती. हेमाने तोंडात बोट घातलं. माणसाच्या मनात काय चाललंय ते सुईतून असं लोकरीत उतरतं, आणि वर्षांनंतरही ते हाताला लागतं, हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

या बाईंचा एक नियम होता. दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम त्या पुरं करून देत, पण जिथे आपला हात सुरू होतो त्या ओळीत लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवत. काम झालं की मालकाला गाठ दाखवायची आणि मगच ती कापायची. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

गेल्या जानेवारीत त्यांच्या दारात कृतिका आली. तिशीची, ठाण्यात एका ऑफिसात नोकरीला, राहायला कळव्यातच. टेंभी नाक्याजवळच्या लोकरीच्या दुकानातून पत्ता मिळालेला. डाव्या हाताने खांद्यावरच्या पर्सचा पट्टा घट्ट धरून ती उभी होती. तिने उजव्या हाताने कापडी पिशवी पुढे केली.

"आजी, हा स्वेटर पुरा करून द्याल? आईने घेतलेला विणायला. ती गेली, ऑगस्टमध्ये."

सगुणाबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. दोन घोट पोटात गेल्यावर पोरगी बोलायला लागली. माहेर शहाडचं. अडीच वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने विकीशी लग्न केलं. तिची आई तुळसा दारात म्हणाली, "मला मुलगी नाही," आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. कृतिका दर रविवारी फोन करायची. वडील, सीताराम, बोलायचे. आई फोनवर यायची नाही. आई आजारी पडल्याचं कळलं ते फार उशिरा. भाऊ कमलेशने बोलावलं तेव्हा तुळसाची शुद्ध गेलेली होती.

"हा तिच्या कपाटात सापडला. दादा म्हणतो, वहिनीसाठीच असणार. मला पण तसंच वाटतं. पुरा करून वहिनीला देऊन टाकते." मग ती खाली बघत म्हणाली, "माझ्यासाठी कशाला विणेल ती? माझ्याशी बोलायची पण नाही."

बोलताना ती त्या स्वेटरची कड चिमटीत धरून बसली होती, सोडत नव्हती. हा आपल्यासाठी असावा, एवढंच त्या पोरीला हवं होतं. आणि तसं विचारायची तिची हिंमत नव्हती.

स्वेटर डाळिंबी रंगाचा, समोरून उघडा. पाठ झालेली, पुढचे दोन्ही भाग झालेले, खांद्यापासून खाली विणत आणलेल्या दोन्ही बाह्या झालेल्या. उजव्या बाहीला मनगटाची पट्टीही होती. डाव्या बाहीची पट्टी चार ओळी होऊन सुईवर थांबलेली, आणि काज-बटणांची पट्टी राहिलेली. उरलेली लोकर पिशवीतच होती. सगुणाबाईंनी डोळे मिटले आणि पाठीवरून बोटं फिरवायला सुरुवात केली.

"हितं सुई थांबलेली. पंधरा दिवस तरी. मंग हितं. आनि हितं, बाहीवर. तीन येला."

कृतिका पुढे सरकली. "बाबा म्हणाले तीनदाच अ‍ॅडमिट केलेलं. तुम्हाला कसं कळलं?"

"सुईवर काम परून राहिला का टाके ताणतात. रेघ उमटते." सगुणाबाईंनी डोळे उघडले. "तुझे आयशीचा हात लय सुंदर गो."

"आजी, कुणासाठी विणलाय ते कळतं का यावरून?"

"तेवढा नाय कलत."

दुसऱ्याच्या स्वेटरला आपला हात जोडणं म्हणजे खायचं काम नाही. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. तुळसाची सुलट ओळ घट्ट होती आणि उलट ओळ किंचित मोकळी. सगुणाबाईंनी घरातल्या जुन्या लोकरीवर चार दिवस नुसता तिचा हात शोधला. विणायचं, शेजारी धरून बघायचं, उसवायचं. लोकर करंगळीला एकऐवजी दोन वेढे घेऊन पाहिली तेव्हा कुठे जमलं. अडुसष्टाव्या वर्षी, एका न पाहिलेल्या बाईसारखं विणायला त्या नव्याने शिकल्या. शिकता शिकता त्यांच्या मनात त्या बाईबद्दल भलताच आदर साठत गेला. शेवटच्या आजारात, अंगात त्राण नसताना, तुळसाचे टाके कुठे सैल झाले होते, कुठे आवळले होते, पण एकही गळला नव्हता. "बाई हाय का कोन!" त्या हेमाला म्हणाल्या.

मग त्यांनी बाह्या मोजल्या. उजवी, पट्टीपर्यंत, सहा चिंचोके आणि वर चार ओळी. डावी पाच चिंचोके आणि तेरा. पुन्हा मोजल्या. डावी बाही अकरा ओळींनी, म्हणजे चांगली दोन बोटं, आखूड होती. इतक्या नेटक्या बाईची चूक? सगुणाबाईंना वाईट वाटलं. शेवटी शेवटी जिवाला घाई झाली असेल बिचारीच्या, पुरं होतंय की नाही म्हणून पट्टी लवकर धरली असेल. त्यांनी पट्टीच्या त्या चार ओळी उसवल्या, टाके सुईवर घेतले, सवयीने लाल दोऱ्याची गाठ मारली आणि राहिलेल्या अकरा ओळी विणून मग पट्टी केली. बटणांची पट्टीही झाली. शेवटी डोळे मिटून त्यांनी जोड शोधायचा प्रयत्न केला. त्यांचा त्यांनाच सापडला नाही. त्या दिवशी सगुणाबाई स्वतःवर इतक्या खूश होत्या की संध्याकाळी हेमाला सांगून त्यांनी शिरा करायला लावला.

शनिवारी कृतिका घ्यायला आली.

"घालून दाखव."

"वहिनीचा आहे ना आजी, मी कशाला?"

"अंगावर बघितल्याबिगर मी देत नाय. घाल."

तिने घातला. खांदे चपखल बसले. उजवी बाही मनगटावर येऊन थांबली. डावी बाही मात्र बोटांच्या पेरांपर्यंत खाली आली. सगुणाबाईंनी खांदा वर ओढला, शिवण तपासली. मग त्यांनी पोरीचे दोन्ही हात धरून समोर सरळ केले आणि त्यांना दिसलं. डावा हात उजव्यापेक्षा आखूड होता. दोन बोटं.

कृतिकाने हात मागे घेतला. "सात वर्षांची असताना पेरूच्या झाडावरून पडलेले. हाड जुळलं, पण हात मग वाढलाच नाही तेवढा. आई माझ्या सगळ्या ड्रेसची डावी बाही आत दुमडून शिवायची. कुणाला कळू नये म्हणून."

सगुणाबाईंनी डावी बाही हातात घेतली. गप्प राहिल्या असत्या तरी जगात कुणाला काही कळलं नसतं.

"मी चुकले पोरी. तुझी आयस नाय चुकली." त्यांनी बाही उलटी करून लाल गाठ दाखवली. "हितपरत तिचा हात. तिनं पट्टी हितंच धरलेली. मना वाटला ती मोजनी चुकली, म्हनून मी खाली अकरा ओली घातल्या. तिनं त्या मुद्दाम सोरल्या होत्या."

कृतिका गाठीकडे बघत राहिली. मग तिने ओळी मोजल्या, बोटाने, एकेक. अकरा झाल्या तेव्हा तिला रडू फुटलं. अडीच वर्षांचं रडू होतं ते, लवकर थांबणारं नव्हतं. सगुणाबाईंनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"आनखी एक सांगायचा हाय," त्या मग म्हणाल्या. "तिनं पट्टीच्या चार ओली घातल्या होत्या. तिच्या हातच्या शेवटच्या. त्या मी उसवल्या."

कृतिकाने डोळे पुसले. "लोकर तीच आहे ना?"

"तीच. तिचीच."

"मग घाला परत."

भर दुपारी, खिडकीशी बसून, सगुणाबाईंनी आपलं सगळ्यात देखणं काम उसवलं. गुंडा कृतिकाच्या हातात होता. लाल गाठीपाशी त्या थांबल्या, टाके उचलले, करंगळीला दोन वेढे घेतले आणि तुळसाच्या हाताने पट्टी विणायला लागल्या. तासाभराने स्वेटर पुन्हा अंगावर चढला. डावी बाही बरोबर मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. सगुणाबाई बघतच राहिल्या. दोन वर्षं डोळ्यांसमोर नसलेल्या लेकीचा हात त्या बाईने कुठल्याही मापाशिवाय, नुसत्या आठवणीवर, ओळीला ओळ मोजला होता. सेहेचाळीस वर्षांत असं काम त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांनी गाठ कापायला कात्री घेतली. "राहू दे ती," कृतिका म्हणाली, आणि स्वेटर अंगात असतानाच तिने फोन लावला.

"दादा, तो स्वेटर वहिनीचा नाही रे. माझा आहे."

पलीकडून कमलेशने काहीतरी विचारलं.

"बाही बघ येऊन," ती म्हणाली. घामाने तिचं कपाळ डबडबलं होतं, पण स्वेटर काढायचं ती नाव घेत नव्हती. सगुणाबाई उठल्या आणि त्यांनी पंखा पाचवर केला.