तंबोऱ्याची चार सुतं

परवा रविवारी जीव टांगणीला लागला होता... शिवाजी पेठेतल्या एका हॉलमध्ये हातानं बनवलेल्या वाद्यांचं प्रदर्शन होतं आणि त्यात एका टेबलावर माझा तंबोरा होता.

मी हे काम कुणाकडे शिकलेलो नाही. भोपळा वाळवण्यापासून पॉलिशपर्यंत सगळं चुकत चुकत स्वतः केलं. 'भाजी कधी करताय त्या भोपळ्याची?' हे गल्लीत ऐकून कान किटले होते.

दुपारी मिरजेचे एक वयस्क कारागीर येणार होते, घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याचं काम. त्यांनी मान डोलावली नाही तर पुन्हा भोपळ्याला हात लावायचा नाही, असं ठरवूनच गेलो होतो.

तारा लावल्या, आवाज मनासारखा आला. शेजारी कोडोलीचे आण्णा हलग्या मांडून बसले होते. त्यांना लक्ष ठेवायला सांगून मी प्रदर्शन बघत फिरलो. एकाच लाकडात कोरलेली सारंगी बघून हात जोडले... एका बासरीच्या भोकांच्या कडा मात्र नीट घासलेल्या नव्हत्या. राहवलं नाही, सांगून आलो.

परत येऊन तार छेडली... ठक्क. झंकार नाहीच!

खुंट्या बघितल्या. भोपळ्याला तडा गेलाय का चाचपलं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मी कित्येक महिने घासली होती, तीच चुकली असणार... आणि तेवढ्यात मिरजेचे काका दारातून आत आले.

मग दिसलं. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो, तंबोरा गुंजतो तो त्याच्यामुळे. चारही धागे गायब!

"आण्णा, इथली सुतं?"

"ती व्हय? लोंबत हुती की! म्हटलं, पावण्यांच्या वाद्याला शोभत न्हाय, टाकली काढून. धूळबी पुसलीया."

"अहो, आवाजच काढून टाकलात त्याचा!"

"मग आधी बोलायचं न्हाय व्हय? सूतच पायजे न्हवं?" आण्णांनी डोक्याचा पटका सोडला, टोकाचे चार धागे ओढून दातानं तोडले आणि माझ्या हातावर ठेवले.

एकेक धागा तारेखाली सरकवत गेलो. शेवटी चौथी, खर्जाची तार बोलली... आणि मी तंबोरा काकांपुढे सरकवला.

काका बराच वेळ डोळे मिटून तारा छेडत राहिले. "कुणाकडं शिकलासा?"

"कुणाकडेच नाही."

"हात चांगला हाय. थांबू नका. सूत तेवढं बारीक वापरा."

"ऐकलासा?" आण्णा मागून ओरडले. "फुडच्या खेपंला पटका बारीक घालून येतो!"

काल नवा भोपळा वाळत घातला. मग बारीक रेशमी धागे घेऊन बसलो, तीन सुतं बदलली. चौथ्याला हात लावला आणि तसाच मागे घेतला... माझा खर्ज आता जरा जाड बोलतो. बोलू दे. त्याच्याखाली आण्णांचा पटका आहे.