बँडवाल्यांच्या घरातली रेगे गायिका

वसईत आमच्या घराण्याचं नाव काढलं की लोक आधी लग्नाची तारीख सांगत. आजोबांचा बँड मोकळा असेल त्या दिवशी लग्न, अशी गावातल्या ख्रिस्ती घरांची रीत होती. सत्तरच्या दशकात पप्पा आणि काका बहरीनला आले ते नोकरीसाठी. पप्पा सलमानियाच्या इस्पितळात स्टोअर सांभाळायचे, काका हिद्दला गॅरेजात. सामानात मात्र पप्पांची कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायची छोटी पितळी तुतारी, आणि काकांचा ड्रम होता. मागून आई आणि मी आलो. बघता बघता इथल्या वसईकरांचं एकही लग्न आमच्या बँडशिवाय होईना.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला जातात. आम्ही राहायचो त्या बुसैतीनमध्ये विहीर कुठली? बिल्डिंगच्या खालच्या नळावर जायचं. पुढे बँड, मागे कळश्या घेतलेल्या बायका. नळ फारच जवळ असल्यामुळे आधी पार्किंगला उगाच फेऱ्या मारायच्या. आजोबांनी घालून दिलेला नियम एकच होता: वाजवणं थांबवायचं नाही. बँड थांबला की पाहुण्यांना वाटतं, जेवण वाढलं. ते उठतात, आणि एकदा उठलेले पाहुणे परत बसत नाहीत.

या नामांकित बँडमध्ये मी मागच्या रांगेत खुळखुळा वाजवत असे. मागची रांग म्हणजे मी एकटीच. मला पुढे उभं राहून गायचं होतं. पप्पा म्हणायचे, "कॉर्नेट आहे ना! गायला माणूस कशाला?"

ऐंशीच्या सुरुवातीला मीही इस्पितळात क्लार्क म्हणून चिकटले. आमच्या वॉर्डात लंडनहून आलेली एक जमैकन नर्स होती. तिने मला तिच्याकडच्या रेगे संगीताची कॅसेट दिली. शब्द मला निम्मेच कळले, पण आपण जन्माला आलो ते यासाठीच, हे मात्र पूर्ण कळलं. वीस-बाविसाव्या वर्षी असं फार लवकर कळतं. मी आईकडून रेगेवाले घालतात तशी लाल, पिवळ्या, हिरव्या लोकरीची टोपी विणून घेतली आणि जुलै महिन्यात घालून हिंडू लागले.

"कान दुखतो का गो?" शेजारची मावशी विचारायची.

पप्पांनी कॅसेट मन लावून ऐकली. "हे मध्ये मध्ये बंद का पडतं? टेप खराब आहे काय?"

"पप्पा, ती मोकळी जागा आहे. रेगेमध्ये ती सोडतात."

"पैसे घेऊन?" काका म्हणाले.

मनामातल्या एका हॉटेलच्या मॅनेजरने आमचा बँड कुठल्याशा लग्नात ऐकला होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. तो मंगळूरचा. "फॅमिली का नाम बड़ा है," तो म्हणाला. "एक फ्रायडे लंच ट्राय करते हैं. अच्छा लगा तो हर फ्रायडे." दर शुक्रवारी, स्टेजवर, पुढे, मी! खुळखुळा मी त्याच दिवशी माळ्यावर टाकला. फक्त एक अट होती. साथीला घरचा बँड हवा.

तालीम आमच्या हॉलमध्ये झाली. मी काकांना बजावलं, "पहिल्या ठोक्याला वाजवायचं नाही. तिथे गप्प बसायचं."

"पहिल्यालाच गप्प बसायचं तर घरीच बसतो की."

"काका, प्लीज."

"बरं बाय. पण ते बरं दिसत नाही. भोक पडल्यासारखं वाटतं."

इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे आमची रविवारची मिसाही शुक्रवारीच. चर्च सुटल्यावर अर्धी वसई हॉटेलात येऊन बसली. मी टोपी घालून पुढे उभी राहिले. पहिलं गाणं नीट पार पडलं. काकांच्या कपाळावर घाम होता, पण मोकळी जागा मोकळी राहिली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तशीच जागा आली आणि नेमका त्याच क्षणी कोपऱ्यातला एक गृहस्थ खुर्चीवरून उठला.

त्याला बुफेतली बिर्याणी हवी होती. काकांना मात्र आजोबा आठवले. त्यांनी ड्रमवर असा काही कडकडाट केला की मी शब्दच विसरले. पाठोपाठ पप्पांची कॉर्नेट सुटली, आणि माझ्या रेगेचं सरळ पाणी भरायला निघालेलं वऱ्हाड झालं. बायका उठल्या. शेजारच्या मावशीने टेबलावरचा पाण्याचा जग डोक्यावर घेतला आणि पुढे झाली. सगळ्या ओळीने सॅलडच्या टेबलाभोवती फिरू लागल्या. मी माइक धरून त्यांना वाट करून देत होते.

मॅनेजर धावतच आला आणि त्याने पप्पांचे दोन्ही हात धरले. "अंकल, हर फ्रायडे!" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सिंगर का... इंशाल्ला, देखेंगे."

इतकी वर्षं बहरीनमध्ये काढलेल्या माणसाला हा इंशाल्ला समजावून सांगावा लागत नाही.

"टोपी तरी काढ आता," गाडीत आई म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी मी खुळखुळा माळ्यावरून काढला आणि हॉटेलात माझ्या रांगेत जाऊन उभी राहिले. राग होताच. त्या रागात मी ठोक्यावर हलवायचा खुळखुळा ठोका चुकवून, दोन ठोक्यांच्या मधे हलवू लागले.

काका वळून म्हणाले, "उशीर होतोय गो तुझा."

"मुद्दाम करतेय."

"पप्पा बघ काय म्हणतात ते."

पप्पांनी कॉर्नेट ओठांवरून काढली होती आणि ते ऐकत होते. हे आमच्या घराण्यात आधी कधी झालं नव्हतं. काका इतके हबकले की त्यांचेही हात थांबले. उरला फक्त माझा खुळखुळा, तोही उशिराने. हॉलमधले दोघं-तिघं उठले. काकांनी डोळे मिटून घेतले. उठलेले लोक बिर्याणी घेऊन आले आणि परत आपापल्या जागी बसले.

"बसले," पप्पा काकांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "या मोकळ्या जागेत तू गात जा. पण थोडक्यात."

जागा जेमतेम एका ओळीची होती. मी गायले. टोपी घरी ठेवली होती.